अर्ध्याचे अर्धे का चुकले?

पत्राचा सारांश : यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावातून, बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीचे हे पत्र आहे. ती रोज एसटीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाते आणि सीईटीची तयारी घरीच करते. अकरावीच्या परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या, म्हणजे वस्तूंच्या मांडण्या आणि निवडी मोजण्याच्या, धड्यातील सूत्रे तिला पाठ आहेत, पण गणितात एखादी अट आली की कोणते सूत्र लावायचे हे तिला कळत नाही. तिने दोन गणिते पाठवली आहेत. पहिले : सात जण एका रांगेत उभे राहणार आहेत, अ हा ब च्या पुढे आणि ब हा क च्या पुढे असला पाहिजे, मग मध्ये इतर कोणी आले तरी चालेल, अशा रांगा किती? तिने सात जणांच्या एकूण ५०४० रांगांचे (७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १) अर्धे केले, त्याचे पुन्हा अर्धे केले आणि १२६० हे उत्तर काढले; छापील उत्तर ८४० आहे. दुसरे : सात जणांच्या रांगेत तीन मुली आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोघी शेजारी-शेजारी येऊ नयेत, अशा रांगा किती? तिने ५०४० मधून तिघी एकत्र असलेल्या ७२० रांगा वजा करून ४३२० लिहिले; छापील उत्तर १४४० आहे. आपल्याला गणिताचे डोकेच नाही, असे तिला वाटू लागले आहे. यंदाचा कापूस विकला की नागपूरला खोली करून देतो, तिथे क्लास लाव, असे वडील म्हणतात. हा एक धडा सोडून दे, असे मैत्रीण म्हणते. काय करावे, असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात तू केवळ "येत नाही" असे लिहून थांबली नाहीस, तर उत्तर कसे चुकले तेही जसेच्या तसे लिहून पाठवलेस. अडचण सांगताना बहुतेक जण आपली चुकलेली रीत लपवतात आणि मग त्यांना मदत करणे कठीण होते. तुझ्या दोन्ही रीती चुकल्या आहेत हे खरे; पण दोन्हींच्या मागे विचार आहे, आणि तो नेमका कुठे घसरला हे बोट ठेवून दाखवता येते. ज्याला डोके नाही त्याच्या चुका अशा नसतात.

तुझ्या पत्रात एक गृहीतक मात्र आहे, आणि आधी त्याविषयी बोलले पाहिजे. प्रत्येक प्रकारच्या अटीसाठी कुठेतरी एक सूत्र ठरलेले आहे, क्लासमधल्या मुलांना ते ओळखायला शिकवतात आणि आपल्याला ते कोणी शिकवले नाही, असे तू धरून चालली आहेस. या धड्यात सूत्रे फार थोडी आहेत. उरलेले सगळे काम, एक मांडणी आपण आपल्या हाताने कशी तयार करू, हे नीट सांगता येण्याचे आहे. ते सांगता आले की गुणाकार कुठे, बेरीज कुठे आणि भागाकार कुठे हे आपोआप ठरते.

तुझे पहिले गणित घे. सात जणांना क्षणभर बाजूला ठेव आणि घरातून तीन दाणे आण : एक तुरीचा, एक हरभऱ्याचा, एक ज्वारीचा. तूर म्हणजे अ, हरभरा म्हणजे ब, ज्वारी म्हणजे क. अंगणात हे तीन दाणे जितक्या क्रमांनी ठेवता येतील तितके ठेवून वहीत लिही : अबक, अकब, बअक, बकअ, कअब, कबअ. हे सहा झाले. आता अ हा ब च्या पुढे आहे असे क्रम मोज. अबक, अकब आणि कअब हे तीन मिळतात, म्हणजे सहाचे बरोबर अर्धे; इथपर्यंत तुझा विचार अचूक आहे. आता या तिघांतून ब हा क च्या पुढे असलेले क्रम निवड. फक्त अबक उरतो. तिनांतून एक उरला, म्हणजे दुसऱ्या अटीने अर्धे ठेवले नाही, तिसरा हिस्सा ठेवला.

असे का झाले? अ हा ब च्या पुढे आहे हे एकदा कळले की ब रांगेत मागे सरकण्याची शक्यता आपोआप वाढते. मग ब ने क च्याही पुढे असणे पहिल्याइतके सोपे राहत नाही. दोन्ही अटींत ब सामाईक आहे आणि पहिल्या अटीचा परिणाम त्याच्यामार्फत दुसऱ्या अटीवर होतो. तू दुसऱ्यांदा अर्धे केलेस तेव्हा या अटींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे न बोलता धरून चाललीस. ही चूक मी चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांच्या वहीत पाहिली आहे.

आता सात जणांकडे परत ये. कोणतीही एक रांग घे. अ, ब आणि क ज्या तीन जागांवर उभे आहेत त्या जागा तशाच राहू दे, बाकीच्या चौघांना हलवू नकोस, फक्त हे तिघे त्या तीन जागांवर आपसात अदलाबदल करोत. सहा वेगवेगळ्या रांगा मिळतील आणि त्यांतील एकच आपल्या अटीत बसेल. सगळ्या ५०४० रांगांचे असे सहा-सहाचे गट पडतात, म्हणून उत्तर ५०४० भागिले ६, म्हणजे ८४०. हेच दुसऱ्या वाटेने करून पाहा : सात जागांतून तिघांसाठी तीन जागा निवडण्याचे ३५ प्रकार, तिथे ते तिघे एकाच क्रमाने उभे राहू शकतात, उरलेल्या चार जागांवर चौघे २४ प्रकारे, आणि ३५ गुणिले २४ म्हणजेही ८४०. दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला पोहोचल्या की छापील उत्तर बघण्याआधीच मनाची खात्री पटते.

तुझे अर्ध्याचे अर्धे कायमचे टाकून देऊ नकोस, कारण ते एका जागी अगदी बरोबर आहे. अट जर अशी असती की अ हा ब च्या पुढे आणि ड हा इ च्या पुढे, तर दोन्ही अटींत एकही माणूस सामाईक नाही, आणि तिथे ५०४० चे चौथाई, म्हणजे १२६० हेच उत्तर आहे. तू काढलेली संख्या एका दुसऱ्या गणिताचे बरोबर उत्तर आहे. आणखी एक प्रकार पाहा : अ हा ब आणि क या दोघांच्याही पुढे हवा, पण ब आणि क यांच्यात कोण पुढे याची अट नाही. दाण्यांची यादी पुन्हा बघ. अबक आणि अकब हे दोन क्रम चालतात, म्हणजे सहातले दोन, आणि सात जणांसाठी १६८०. तीन गणितांत प्रत्येकी दोनच अटी आहेत, तरी उत्तरे ८४०, १२६० आणि १६८० अशी तीन येतात. अटींची संख्या मोजून काही कळत नाही. अटी कोणाकोणाला जोडतात हे पाहावे लागते. कागदावर नावे लिहून जो पुढे हवा त्याच्यापासून जो मागे हवा त्याच्याकडे बाण काढलास, तर हे जोड डोळ्यांना दिसतील.

याच भागाकारात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. "अमरावती"चे इंग्रजी स्पेलिंग घे : आठ अक्षरे, त्यांत 'ए' तीनदा. या अक्षरांचे वेगवेगळे शब्द किती, तर ८! (आठ फॅक्टोरियल, म्हणजे ८ पासून १ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार) भागिले ३!, म्हणजे ६७२०. हे तुला सूत्र म्हणून पाठ असेलच. पण इथे सहाने का भागायचे? तीन 'ए' एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांच्या आपसातल्या सहा अदलाबदली मिळून एकच शब्द दिसतो. अ, ब, क यांच्या सहा अदलाबदलींतून एकच चालतो, तिथेही सहानेच भागतो. सारख्या वस्तू आणि ठरलेला क्रम ही दोन प्रकरणे पुस्तकात वेगळी छापलेली असली तरी आत एकच आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत शेवटी अंकपाश नावाचा भाग आहे. त्यात ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी संख्या किती होतील असे विचारले आहे, आणि उत्तर १२० भागिले ६, म्हणजे २० येते. तिथेच शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल करून किती मूर्ती होतील, याचे उत्तर ३६,२८,८०० आहे, आणि विष्णूच्या चार हातांसाठी २४. शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहे त्यावरून केशव, नारायण, माधव अशी विष्णूची चोवीस नावे ओळखली जातात. घरात कोणी संध्या करणारे असेल तर ती नावे तुझ्या कानावरून गेली असतील. हा विषय आपल्याकडे परका नाही, हे तुला ठाऊक असावे म्हणून एवढे लिहिले.

आता दुसरे गणित, ज्यात तुझी चूक गणितापेक्षा भाषेची आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या राहतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आण. सात जोड्या आहेत आणि त्यांतील तीन जोड्यांचे बैल एकमेकांवर धावून जाणारे आहेत, म्हणून त्यांतील कोणत्याही दोन शेजारी नकोत. तू काय वजा केलेस? तिन्ही एकत्र असलेल्या रांगा. पण तीनपैकी दोन शेजारी आणि तिसरी दूर असली, तरी त्या दोन जोड्यांचे भांडण लागणारच. "तिन्ही एकत्र नाहीत" आणि "कोणत्याही दोन एकत्र नाहीत" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याने बरीच मोकळीक राहते, दुसऱ्याने फारच थोडी.

दुसऱ्या वाक्यासाठी रांग हाताने उभी करू. आधी शांत स्वभावाच्या चार जोड्या उभ्या कर. त्यांचे क्रम २४. या चारांच्या मध्ये तीन आणि दोन टोकांना दोन अशा पाच फटी तयार होतात. तीन भांडखोर जोड्यांना प्रत्येकी वेगळी फट दिली की त्या कधीच शेजारी येणार नाहीत : पहिलीला पाच फटी, दुसरीला चार, तिसरीला तीन, म्हणजे ६० प्रकार. २४ गुणिले ६० म्हणजे १४४०.

आता तुझ्या ४३२० चा हिशेब लावू. तिघांपैकी नेमक्या दोनच शेजारी असतील अशा रांगा मोज : शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन कोणत्या आणि त्यांतली पुढे कोणती, हे ठरले की तिसरी आपोआप ठरते, हे सहा प्रकार. त्या दोघींचा गठ्ठा एका फटीत आणि तिसरी दुसऱ्या फटीत, असे पाच गुणिले चार, म्हणजे वीस प्रकार. आणि शांत जोड्यांचे २४. सहा गुणिले वीस गुणिले चोवीस म्हणजे २८८०. आता बेरीज कर : कोणत्याही दोन शेजारी नाहीत अशा १४४०, नेमक्या दोन शेजारी अशा २८८०, तिन्ही एकत्र अशा ७२०, एकूण ५०४०, एकही रांग सुटली नाही आणि एकही दोनदा आली नाही. तुझ्या ४३२० मध्ये पहिले दोन गट मिसळले होते, इतकेच. अशी बेरीज जुळते तेव्हा जे समाधान मिळते ते छापील उत्तराशी आकडा जुळल्याने मिळत नाही, हे तू स्वतः करून पाहा.

तुझा खरा प्रश्न हा आहे की गणित वाचल्यावर सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर असे : अट कशाबद्दल बोलते आहे ते आधी विचार. काही अटी जागेबद्दल असतात, काही शेजाराबद्दल आणि काही पुढे-मागे असण्याबद्दल. मानाची जोडी सर्वांत पुढेच हवी, ही जागेची अट. ती जागा आधी भरून टाक, उरलेल्या सहा जोड्यांचे ७२० क्रम. शून्य पहिल्या जागी नको, एकक स्थानी सम अंक हवा, अशी संख्या तयार करण्याची गणितेही याच जातीची आहेत, आणि तिथे सर्वांत अडलेली जागा सर्वांत आधी भरावी. जागेच्या दोन नकारात्मक अटी एकत्र आल्या तर जरा सावध राहा : अमुक जोडी पहिली नको आणि तमुक जोडी शेवटची नको, असे असेल तर ५०४० मधून ७२० दोनदा वजा होतात, पण ज्या १२० रांगांत दोन्ही अटी एकदम मोडतात त्या दोनदा वजा झाल्या, म्हणून एकदा परत मिळवायच्या, उत्तर ३७२०. शेजार हवा असेल तर दोघांचा गठ्ठा बांध आणि गठ्ठ्याच्या आतली अदलाबदल विसरू नकोस. सातातून दोन ठरावीक जोड्या शेजारी हव्या असतील तर सहा वस्तूंचे ७२०, गुणिले दोन, म्हणजे १४४०. शेजार नको असेल तर इतरांना आधी उभे करून फटी वापर. पुढे-मागेची अट असेल तर वर दाखवले तसे गट पाडून भाग. गोल बसण्याची गणिते तुला जमतात असे तू लिहिले आहेस, म्हणून ती सोडतो.

यानंतर एक प्रश्न नेहमी विचारायचा, आणि तो पुष्कळदा राहून जातो : वस्तू एकमेकींपासून ओळखू येतात का? शेतात सोयाबीनचे सहा तास (पेरणीच्या ओळी) आणि तुरीचे तीन तास पेरायचे आहेत आणि तुरीचे दोन तास लगत नकोत, असे समज. फटी सात, त्यांतल्या तीन निवडायच्या, म्हणजे ३५ प्रकार, आणि इथे फॅक्टोरियलचा गुणाकार कुठेच नाही, कारण तुरीचा एक तास दुसऱ्यासारखाच असतो. बैलजोड्यांना नावे असतात, तासांना नसतात. गणित वाचून झाल्यावर हा फरक वहीत एका ओळीत लिहून मगच पुढे जावे.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याविषयी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एखादा धडा सोडावा लागला तर त्यात कमीपणा नाही, पण तू तिथे नाहीस. शिवाय पुढे संभाव्यतेच्या धड्यात अनुकूल प्रकार भागिले एकूण प्रकार असे लिहायचे असते, आणि ते दोन्ही आकडे याच मोजणीतून येतात; हा धडा सोडलास तर तोही लंगडा होईल. म्हणून सोडू नकोस.

क्लासविषयी मी अधिक जपून बोलतो, कारण त्यात वडिलांचा कापूस आहे. क्लासमुळे वेळापत्रक मिळते, दर आठवड्याला चाचणी मिळते आणि शंका विचारायला माणूस मिळतो. या गोष्टींची किंमत मी कमी लेखत नाही. पण नागपूरला जायचे म्हणजे फीशिवाय खोली, मेस आणि येणे-जाणे आले, आणि चालू वर्षात बस्तान हलवण्याचा त्रास आला. एका धड्याच्या भीतीवरून हा निर्णय घेऊ नये. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्हींत तू कुठे उभी आहेस हे जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून बघ, आणि तिन्हींत आधार हवा असे दिसले तरच वडिलांशी खर्चाचा पूर्ण आकडा कागदावर मांडून बोल. "मला डोके नाही, म्हणून क्लास" हे कारण त्यांना सांगू नकोस, कारण ते खरे नाही, आणि बाप ते ऐकून कर्ज काढायलाही तयार होतो.

त्याआधी तीन आठवडे एक प्रयोग कर. रोज दोनच गणिते, पण प्रत्येक गणित दोन वाटांनी. वहीच्या उजव्या पानावर सोडवणूक आणि डाव्या पानावर त्याच गणिताचे लहान रूप, सातऐवजी तीन किंवा चार वस्तूंचे, ज्याची सगळी यादी हाताने लिहिता येते. यादी आणि रीत यांचे उत्तर जुळले नाही तर रीत चुकली आहे, यादी नव्हे. मोबाइलवरचे व्हिडिओ अवश्य बघ, पण स्वतः निदान पंधरा मिनिटे झगडल्याशिवाय उत्तर बघू नकोस. एसटीत तुझ्यासोबत जी मैत्रीण असते तिला अट घालायला सांग आणि तू मोज, परतताना उलट करा; ज्याने गणित रचले त्याला ते अधिक कळते, असा माझा अनुभव आहे. तुमच्या सरांना "परम्युटेशन समजत नाही" असे सांगण्यापेक्षा माझ्याकडे पाठवलीस तशी चुकलेली रीत दाखव. मधल्या सुट्टीतल्या दहा मिनिटांतही ते चूक दाखवू शकतील. ज्या गावांतून क्लास दूर आहेत तिथल्या इतर विद्यार्थ्यांनीही हेच करून पाहावे, आणि शिक्षकांनी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी तीन वस्तूंची यादी मुलांकडून लिहून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

सुरुवातीला हे एक गणित घे. घरात सकाळी सहा कामे आहेत : पाणी भरणे, सडा टाकणे, रांगोळी काढणे, कणीक भिजवणे, पोळ्या करणे आणि डबा भरणे. पाणी भरल्याशिवाय सडाही नाही आणि कणीकही नाही, सड्यानंतरच रांगोळी, कणकेनंतर पोळ्या, आणि पोळ्यांनंतर डबा. एकच माणूस ही सगळी कामे एकापाठोपाठ एक करणार असेल तर ती किती क्रमांनी करता येतील? बाणांची आकृती काढ, पाणी कितव्या जागी येणार हे आधी ठरव, आणि उरलेल्या पाच कामांत भागाकार कशाने करायचा ते विचार. उत्तर इतके लहान आहे की सगळे क्रम वहीच्या अर्ध्या पानावर मावतात. तेव्हा पुढच्या पत्रात आकड्यासोबत ती यादीही पाठव.